बोलिंगच्या लेनची बांधणी, निगा व परिभाषा

'बोलिंग' हा शब्द कानावर पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान उभे राहते. येथे ज्या खेळाचा विचार करावयाचा आहे तो निराळा. लांब, अरुंद व गुळगुळीत पट्ट्यावरून जड चेंडू घरंगळत सोडावयाचा आणि पलीकडच्या टोकाशी त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना पाडावयाच्या, असा तो खेळ आहे. त्याचे प्रमाणित रूप अमेरिकेत सिद्ध झाले आणि आता भारतातील मोठ्या शहरांच्या मॉलमधूनही तो पाहावयास मिळतो. प्रेक्षकाचे लक्ष चेंडूकडे आणि पिनांकडे असते; ज्या पृष्ठावरून चेंडू जातो ते त्याला केवळ चकचकीत जमीन वाटते. वस्तुतः खेळाडूच्या गुणसंख्येत त्या जमिनीचा वाटा फार मोठा आहे. भाषेच्या अभ्यासकाला तर तिच्यात आणखी एक कुतूहल आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या पृष्ठाचे द्रव्य अनेकदा बदलले. त्याविषयी बोलण्याचे शब्द मात्र जुन्या द्रव्याचेच राहिले, आणि तेही निव्वळ अवशेष म्हणून नव्हे, तर मोजमापाचे साधन म्हणून. हे कसे घडले ते समजण्यासाठी प्रथम बांधणी पाहिली पाहिजे.

या पट्ट्याला इंग्रजीत 'लेन' म्हणतात. मराठीत त्यासाठी रूढ शब्द नाही. 'खेळपट्टी' क्रिकेटने अडवून ठेवली आहे आणि 'मार्गिका' रस्त्यावरच्या वाहनांकडे गेली आहे. तेव्हा लेन हाच शब्द बरा. ९ सप्टेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कमधील बेथोवन हॉल येथे अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या प्रयत्नाने ठिकठिकाणच्या निरनिराळ्या मापांना एकरूपता आली. फाउल रेषेपासून पहिल्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर ६० फूट, लेनची रुंदी साडेएकेचाळीस इंच, दोन्ही बाजूंस गटरे, आणि रेषेच्या अलीकडे खेळाडूने पावले टाकत येण्यासाठी किमान १५ फुटांची मोकळी जागा, ही ती मापे होत.

जुनी लाकडी लेन म्हणजे जमिनीवर अंथरलेला तक्तपोस नव्हे. तिच्यात ३९ फळ्या असत. प्रत्येक फळीची वर दिसणारी कड एक इंचाहून किंचित अधिक रुंद. फळी आडवी न टाकता कडेवर उभी केलेली असे. एका फळीची जीभ शेजारणीच्या खाचेत बसवावयाची आणि बाजूने खिळे ठोकून दोघींना एकजीव करावयाचे, असे करीत करीत सुतार एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात. म्हणजे प्रत्येक खिळा पुढच्या फळीखाली झाकला जाई आणि वरून एकही दिसत नसे. हा सर्व जुडगा खालच्या तुळयांवर ठेवून पाचरी सारून सपाट केला जाई. या सपाटीची अट कडक आहे: लेनच्या रुंदीत कोठेही एका इंचाच्या चाळीस सहस्रांशाहून अधिक, म्हणजे सुमारे एका मिलिमीटरहून अधिक, खळगा वा उंचवटा चालत नाही. गवंड्याच्या पाणसळीने जी भिंत निर्दोष ठरेल ती या कसोटीला उतरेलच असे नाही.

लाकूड एका जातीचे नसे. फाउल रेषेपासून पहिले सुमारे पंधरा फूट मेपलचे, कारण तेथे सोळा पौंडांपर्यंतचा चेंडू खेळाडूच्या हातून येऊन आदळतो. पिना जेथे उभ्या राहतात तो भागही मेपलचाच, कारण तेथे चेंडू व पिना दोन्हींचे आघात होतात. मधल्या लांब पल्ल्यात चेंडू नुसता सरकतो व फिरतो. तेथे मऊ आणि स्वस्त पाइन पुरते. दोन लाकडे जेथे भेटत तेथे एक आड एक फळ्या लांब-आखूड ठेवून बोटांत बोटे गुंतवल्यासारखा सांधा केला जाई. लेनच्या भागांची नावे या रचनेतून आली. पहिल्या भागास 'हेड्स', मधल्यास 'पाइन्स', शेवटच्यास 'बॅकएंड'. सांध्याच्या आसपास सात बाण रेखलेले असतात, ते पाचव्या, दहाव्या, पंधराव्या अशा क्रमाने पस्तिसाव्या फळीपर्यंत. मधला बाण विसाव्या, म्हणजे बरोबर मधल्या फळीवर येतो.

या फळ्या मोजण्याची रीत अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. उजव्या हाताने खेळणारा उजव्या कडेपासून मोजतो, डावखुरा डाव्या कडेपासून. तेव्हा उजव्याची पाचवी फळी ही डावखुऱ्याची पस्तिसावी होते. लाकूड तेच, त्याचे नाव बोलणाऱ्याच्या हातावर अवलंबून. पिनांचे क्रमांक मात्र कोणी कोणत्याही हाताने खेळो, एकच राहतात. 'इकडे-तिकडे' यांसारख्या शब्दांचा अर्थ वक्ता कोठे उभा आहे यावर ठरतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण शुद्ध संख्यावाचक शब्दही वक्त्याच्या अंगाने बदलावा, असे उदाहरण सहज सापडत नाही.

आता निगा. उघडे लाकूड ओल घेते, फुगते, आकसते व झिजते. म्हणून त्यावर संरक्षक थर हवा. प्रारंभी हा थर 'शेलॅक'चा असे, म्हणजे भारतीय सुताराच्या ओळखीच्या लाखेच्या पॉलिशचा. शेलॅक या शब्दातील 'लॅक' म्हणजे आपली लाख, संस्कृत 'लाक्षा'. शेलॅकच्या मागून 'लॅकर' आले. हा शब्दही फारसी-अरबी मार्गाने जाऊन युरोपात स्थिरावलेली तीच लाक्षा होय. पण लेनवर जे लॅकर चढले त्यात लाखेचा अंशही नव्हता; ते कारखान्यात बनवलेले सेल्युलोजचे द्रावण होते. किडीची लाख गेली आणि तिचे नाव दुसऱ्या पदार्थाला मिळाले. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याचीही जागा पॉलियुरेथेनच्या अधिक कठीण थराने घेण्यास आरंभ केला.

थर घासून जाई तेव्हा तो नव्याने चढवावा लागे, आणि काही वर्षांनी लाकूडच यंत्राने घासून पुन्हा सपाट करावे लागे. प्रत्येक घासणीत फळ्यांची उंची थोडी कमी होई. ही घासणी कितीही वेळा करता येत नसे, कारण शेवटी बाजूने ठोकलेले खिळे पृष्ठाजवळ येत; मग लेनचे आयुष्य संपले असे समजावे. शिवाय हवेतील ओल व उष्णता स्थिर ठेवणे आवश्यक असे. ऋतू बदलला की लाकूड हलते, आणि एक मिलिमीटरचा हिशेब चुकावयास फारसे हलावे लागत नाही.

लॅकर नाजूक असल्यामुळे त्यावर चेंडूच्या घर्षणाने ओरखडे पडत. ते टाळण्यासाठी लेनच्या पुढच्या भागावर तेलाचा पातळ हात फिरवण्याची प्रथा पडली. लाकडाच्या रक्षणासाठी आलेले हे तेल पुढे खेळाचा प्राण होऊन बसले. कारण असे: कसलेला खेळाडू चेंडूला सोडतानाच बाजूची फिरकी देतो. तेलावर चेंडूला पकड मिळत नाही. तो फिरत असला तरी सरळ घसरत जातो. तेल संपून कोरडा भाग लागला की फिरकीला पकड मिळते आणि चेंडू वळतो. सरळ आलेल्या चेंडूपेक्षा असा वळून, कोनात शिरलेला चेंडू पिनांची अधिक चांगली पाडापाडी करतो. तेव्हा तेल कोठे आहे, किती आहे आणि कोठे संपते, यावर चेंडू कोठे वळेल हे ठरते. त्याचा सर्व प्रवास सुमारे अडीच सेकंदांत आटोपतो.

पूर्वी हे तेल हाताच्या पंपाने फवारून, लांब दांड्याला बांधलेल्या फडक्याने पसरीत. आता एक यंत्र लेनवरून स्वतः चालत जाते. ते प्रथम द्रावण शिंपडून जुने तेल पुसून ओढून घेते आणि त्याच फेरीत रूळ व ब्रश यांनी नवे तेल लावते. एका संपूर्ण लेनला लागणारे तेल साधारण पंचवीस मिलिलिटर, म्हणजे पाच चहाचे चमचे. ते एकसारखे पसरत नाहीत, तर ठरलेल्या नक्षीने लावतात. मध्ये दाट, कडांना विरळ, आणि बहुधा चाळीस फुटांच्या आसपास संपणारे. खेळाडू ज्या मोकळ्या जागेतून पावले टाकत येतो तेथे मात्र तेलाचा थेंबही चालत नाही. बुटाच्या तळव्याला लागलेला एक थेंब एखाद्याला पाडावयास पुरेसा असतो.

हे तेल डोळ्यांना दिसत नाही, ही सर्व अडचणींची जड आहे. त्याच्या मापाचे एकक आहे. त्यास नुसतेच 'युनिट' म्हणतात. एका चौरस फुटावर ०.०१६७ घन सेंटिमीटर तेल पसरले म्हणजे एक युनिट. त्या थराची जाडी एका इंचाचे सुमारे सात दशलक्षांश भरते. अतिनील प्रकाशात चमकणारे द्रव्य तेलात मिसळतात, चिकटपट्टीने लेनवरचा नमुना उचलतात आणि उपकरणाने वाचतात. खेळाडूजवळ असले उपकरण नसते. त्याला तेल 'दिसते' ते केवळ चेंडूच्या वळणातून, आणि जे दिसले ते तो सांगतो फळ्यांच्या भाषेत: 'बाणांपाशी पंधरावी, पुढे आठवी'. खेळाडूंमध्ये एक सोपे गणित प्रचलित आहे. तेलाची लांबी फुटांत घ्यावी आणि तीतून ३१ वजा करावेत. जी संख्या उरेल त्या फळीच्या आसपास चेंडू तेलाबाहेर पडावा. तेल चाळीस फूट असेल तर नववी फळी. फुटांतून आकडा वजा करून फळी मिळावी, हे गणिताच्या शिक्षकाला रुचणारे नाही. पण अंदाजाला हे सूत्र बरे उपयोगी पडते.

नेहमीच्या ग्राहकांसाठी केलेल्या नक्षीत मध्यभागी तेल दाट आणि कडा पुष्कळशा कोरड्या ठेवलेल्या असतात. याचा परिणाम असा की, चेंडू चुकून कडेकडे गेला तर कोरड्यात पकड घेऊन परत येतो, आणि चुकून आत पडला तर दाट तेलावर घसरत जाऊन फार वळत नाही. दोन्ही चुका लेनच सुधारून घेते. साध्या खेळाडूला यात आनंद मिळतो आणि तसा तो मिळावा यात गैर काही नाही. पण ज्याचे गुण नोंदले जाऊन दुसऱ्याच्या गुणांशी तोलले जातात, त्याच्या बाबतीत प्रश्न उभा राहतो: हे गुण खेळाडूचे की तेल लावणाऱ्याचे?

हा प्रश्न १ जुलै १९८२ रोजी अगदी उघडपणे पुढे आला. कॅलिफोर्नियातील ला हाब्रा येथे ग्लेन अ‍ॅलिसन या नामवंत खेळाडूने एका लीग सामन्यात लागोपाठ तीन डावांत प्रत्येकी ३०० गुण मिळवले. एका डावात ३००हून अधिक गुण होऊच शकत नाहीत. छत्तीस चेंडू टाकले आणि छत्तीसही वेळा दहाच्या दहा पिना पडल्या. काँग्रेसच्या दप्तरात ९०० गुणांच्या अशा मालिकेची नोंद तोवर नव्हती. लेनची तपासणी झाली. तेलाची मांडणी नियमांत बसत नाही असे ठरले आणि विक्रमाला मान्यता नाकारण्यात आली. मान्यता पावलेली पहिली ९०० गुणांची मालिका २ फेब्रुवारी १९९७ रोजी नेब्रास्कातील लिंकन येथे जेरेमी सोननफेल्ड या तरुणाच्या नावे नोंदली गेली. नियमाच्या दृष्टीने १९८२चा निर्णय समर्थनीय म्हणता येईल. मापाविना तुलना व्यर्थ असते हे खरे आहे. तरीही ज्याने तेल लावले नाही, ज्याला ते पाहता येत नव्हते आणि ज्याच्याबरोबर त्याच लेनवर खेळलेल्या कोणालाही तसे गुण करता आले नाहीत, त्याच्याच पदरी हा नकार पडला, ही गोष्ट मनाला टोचल्याखेरीज राहत नाही. अमेरिकेत आजही जुने खेळाडू त्या रात्रीचे ९०० गुण खरेच धरतात. दप्तराचा शब्द आणि लोकांचा शब्द येथे वेगळे पडले आहेत.

द्रव्य आणि खेळ यांची अशी ओढाताण एकदाच झाली असे नाही. पृष्ठ पॉलियुरेथेनने कठीण झाले तेव्हा चेंडूला पकड मिळेनाशी झाली. मग चेंडूच मऊ करण्याकडे खेळाडू वळले. डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने आपले प्लॅस्टिकचे चेंडू रासायनिक द्रावणात भिजवून मऊ केले आणि १९७३ साली सहा स्पर्धा जिंकल्या. त्या वेळी ते नियमबाह्य नव्हते. त्यानंतर चेंडूच्या कठीणपणाची किमान मर्यादा ठरवण्यात आली. पुढे १९९०च्या दशकारंभी तेल शोषून घेणारे रेझिनचे चेंडू आले आणि लावलेले तेल खेळता खेळता संपू लागले. म्हणजे लेन सकाळी जशी असते तशी दुपारी राहत नाही.

दरम्यान लाकूडही गेले. आजच्या बहुतेक लेनचे पृष्ठ कृत्रिम असते: रेझिनमध्ये भिजवलेले कागदाचे थर प्रचंड दाबाखाली एकत्र करून बनवलेला तक्ता. आपल्याकडे टेबलांवर व कपाटांवर चिकटवतात तो 'सनमायका' याच कुळातला. (त्या नावातील 'मायका' म्हणजे अभ्रकही त्यात नसते, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.) हा तक्ता घासावा लागत नाही, ओल घेत नाही, आणि कित्येक ठिकाणी तो जुन्या लाकडी लेनवरच बसवला गेला. त्यात फळ्या नाहीत, जीभ-खाचा नाहीत, मेपल-पाइनचा सांधा नाही. तथापि वरच्या थराखालील कागदावर मेपलच्या फळ्यांचे चित्र छापलेले असते. फळ्या एकोणचाळीस, आणि बाण पूर्वीच्याच फळ्यांवर. कारखानदाराला तक्ता एकरंगी ठेवता आला असता. पण मग 'दहावी फळी' कोठे आहे हे खेळाडूला कळले नसते आणि त्याची निम्मी भाषा निरुपयोगी झाली असती. चित्रातल्या फळ्या शोभेसाठी आहेत असे ज्याला वाटेल त्याने पट्टीवरचे सेंटिमीटरचे आकडेही शोभेचेच मानावेत. त्याचप्रमाणे मधल्या भागास अद्याप 'पाइन्स' म्हणतात. ज्या तरुण खेळाडूने पाइनची लेन कधी पाहिली नाही तोही 'पाइन्समध्ये तेल उडाले' असे निःशंक बोलतो.

आपल्या वाचकाला यात अपरिचित असे काही नाही. 'शाई' म्हणजे मूळ फारसीत काळेपणा. आपण लाल शाई म्हणतो आणि अडखळत नाही. 'तेल' हे 'तैल', तिळाचे. तरी करडईचे, खोबऱ्याचे आणि अमेरिकेतील लेनवर पडणारे खनिजाचे, सर्व तेलच. कुश गवत तोडून आणणारा तो 'कुशल', ही व्युत्पत्ती घेऊन आपल्या अलंकारशास्त्रज्ञांनी लक्षणेची पुष्कळ चर्चा केली आहे. पण 'शाई' व 'कुशल' यांत मूळ अर्थ पुसला गेला आणि शब्द मोकळा झाला. 'फळी'चे तसे झाले नाही. तिचे लाकूड गेले, रुंदी राहिली. आणि ती रुंदी मोजावी लागते म्हणून लाकडाचे चित्र छापावे लागले. येथे शब्दाने वस्तूला आपल्यासारखे दिसावयास भाग पाडले आहे.

जर्मनीतील नऊ पिनांच्या 'केगल' या खेळात याला जवळचे उदाहरण आहे. अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी हा खेळ तिकडे नेला. बोलिंग खेळणाऱ्याला अमेरिकेत 'केग्लर' असे जुने नावही आहे. जर्मनीत लेनच्या तीन जाती रूढ झाल्या आणि त्यांवरून खेळाचेही तीन प्रकार पडले. 'बोले' म्हणजे जाड फळी. 'शेरे' म्हणजे कात्री, कारण ती लेन पुढे जाता जाता कात्रीच्या पात्यांसारखी फाकते. तिसरी 'अस्फाल्ट', म्हणजे डांबराची. या तिसऱ्या जातीच्या लेन पुढे प्लॅस्टिकच्या झाल्या, तरी नाव डांबराचेच चालले. अलीकडे त्या प्रकाराला अधिकृतपणे 'क्लासिक' म्हणतात.

नाव ठरवून बदलण्याचा प्रयत्न अमेरिकेतही झाला. पूर्वीचा शब्द होता 'अ‍ॅली', म्हणजे बोळ. जुनी खेळघरे तळघरांत व दारूच्या गुत्त्यांशेजारी असत आणि शब्दाला तो वास लागला होता. १९५०च्या दशकात पिना उभ्या करणारी यंत्रे सर्वत्र पसरली, पिना मांडणाऱ्या पोऱ्यांचे काम संपले, आणि सहकुटुंब यावे अशी प्रशस्त खेळघरे निघू लागली. तेव्हा व्यावसायिकांनी 'अ‍ॅली' टाकून 'लेन', आणि 'गटर' टाकून 'चॅनेल' म्हणावे असा आग्रह धरला. पाट्यांवर 'लेन' आली. गटराला चॅनेल मात्र नियमपुस्तकांतच म्हणतात. चेंडू त्यात पडला की लहान मूलही 'गटर'च म्हणते, आणि घरातून निघताना लोक अद्याप 'अ‍ॅली'लाच जातात.

काढून टाकलेल्या लाकडी लेन वाया जात नाहीत. त्यांचे तुकडे करून टेबलांसाठी व ओट्यांसाठी विकतात. ज्या तुकड्यावर बाण असतील त्याला मागणी अधिक. हे काम करणाऱ्या सुतारांना करवतीची पाती सारखी बदलावी लागतात, कारण फळ्यांना एकजीव करण्यासाठी बाजूने ठोकलेले खिळे वरून दिसत नाहीत आणि हाताला लागतात ते कापताना.